कॅथोलिक देवळात प्रथमच जाताना

आजच्या भाषणाचा विषय मी स्वतः निवडलेला नाही. तो माझ्या आईच्या पदराच्या गाठीतून निघाला आहे. म्हणून आधी त्या गाठीची हकीकत सांगतो.

आमच्या वरोऱ्याच्या गल्लीत केरळातून आलेल्या एक नर्सबाई राहत असत. आनंदवनामुळे आमच्या गावाचे नाव सर्वांच्या कानी आहे. तेव्हा येथे दूरदूरची माणसे येऊन स्थायिक होतात, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. ह्या बाईंनी आपले सारे नोकरीचे आयुष्य इकडेच काढले. आईच्या पायाला मधुमेहाची जखम झाली, तेव्हा कामावरून परतताना त्या आमच्या ओट्यावर बसून रोज मलमपट्टी करीत आणि चहाखेरीज काही घेत नसत. पाय वाचला. पुढे काही वर्षांनी त्या बाई वारल्या, आणि त्यांच्या अंत्यविधीस कॅथोलिक देवळात जावयाचे, हे आईने कोणास न विचारताच ठरविले.

आमच्या घरातील कोणीही तोवर असल्या देवळात पाऊल टाकलेले नव्हते. पांढरे पातळ नेसून आई पुढच्या बाकावर जाऊन बसली. प्रार्थना तासाभराची झाली. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊ लागले आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या हातावर एक पातळ, पांढरी, वाटोळी चकती ठेवू लागले. आईही उठली. तीर्थ घेताना धरावी तशी तिने डाव्या तळहातावर उजवी ओंजळ धरली, मिळाले ते कपाळाला लावले आणि घरच्या मंडळींना वाटण्यासाठी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. मागच्या बाकावरील एका धर्मभगिनीने हे पाहिले. ती हलकेच आईजवळ आली आणि ती वस्तू परत द्या, असे तिने मृदू स्वरात विनविले. आई गोंधळली. “दिलेला प्रसाद परत काहून मागता, सिस्टरबाई?” एवढेच ती म्हणाली, पण तिने गाठ सोडली. धर्मभगिनीने ती चकती दोन्ही हातांत धरून वेदीकडे नेली.

घरी येईपर्यंत आई एक शब्दही बोलली नाही. रात्री म्हणाली, “त्यांनी आपला विटाळ मानला.”

ज्या बाईने तिच्या पायाचा पू आपल्या हातांनी धुतला, तिच्या देवळात आपला विटाळ मानला जावा, हे शल्य तिला झोपू देईना. मलाही ते बरे वाटले नाही. आठवड्याने मी त्या देवळाच्या धर्मगुरूंकडे गेलो आणि जे समजले, त्यात पुढे वाचनाने व अनुभवाने थोडी भर घातली. आज मी सांगणार आहे ते हे. मी त्या धर्माचा नाही. सांगणे शेजाऱ्याचे आहे, ह्याची आठवण श्रोत्यांनी ठेवावी.

शहरातील सुशिक्षित घरांना ख्रिस्ती देवळाची ओळख बहुधा यात्रेच्या रूपाने असते. मुंबईची मंडळी सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेस जातात, मेणाच्या बाहुल्या वाहतात. माहीमच्या देवळात बुधवारी नोव्हेनेला जाणाऱ्यांत हिंदू व पारशीही असतात. तेथे कोणी कोणास काही विचारीत नाही. परंतु आपल्या गावातील साधे कॅथोलिक देऊळ म्हणजे यात्रास्थान नव्हे. ते एका ‘धर्मग्रामा’चे देऊळ असते. हा शब्द वसईकडील मराठी ख्रिस्ती समाजात रूढ आहे आणि मला तो फार समर्पक वाटतो. ठरावीक सीमेच्या आत राहणारी सर्व कॅथोलिक कुटुंबे मिळून एक धर्मग्राम. त्याचे एक देऊळ, एक मुख्य धर्मगुरू आणि एक दप्तर. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू ह्यांची नोंद त्या दप्तरात होते. असे अनेक धर्मग्राम मिळून एक धर्मप्रांत, आणि त्याचे प्रमुख बिशप. आपल्याकडे ग्रामदैवताचे देऊळ साऱ्या गावाचे असते, आणि कोणी कितीदा यावे ह्याचा हिशेब नसतो. तेथे मात्र रविवारी उपासनेला हजर राहणे हे प्रत्येक कॅथोलिकाचे कर्तव्य मानलेले आहे. म्हणून आपण रविवारी सकाळी गेलो, तर जणू एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या पंगतीच्या वेळीच जाऊन पोहोचलो, असे समजावे. आपले स्वागत होईल. पण पंगत त्यांची आहे.

हा समाज मराठी भाषेला परका आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. ‘पाद्री’, ‘नाताळ’, ‘क्रूस’ आणि घरोघरचा ‘पाव’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले आणि मराठीत विरघळून गेले. इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, ते मराठी ओवीत. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील कॅथोलिक आपल्या बोलीत प्रार्थना करीत आले, आणि त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा ‘मिस्सा’ हा शब्द कानी पडला तर बिचकू नये. मिस्सा म्हणजे कॅथोलिकांची मुख्य सामुदायिक उपासना. एवढी खूणगाठ पुरे.

तथापि आमच्या चांदा भागात एक निराळाच प्रकार आहे, आणि तो नागपूर-मुंबईच्या मंडळींना सहसा ठाऊक नसतो. नागपुरास सदर भागात सेंट फ्रान्सिस डि सेल्सचे मोठे देऊळ आहे. ते लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीचे. परंतु आगगाडी नागपूर सोडून दक्षिणेस निघाली आणि वर्धा जिल्ह्यात शिरली, की कॅथोलिक धर्मप्रांत बदलतो. वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली ह्या तीन जिल्ह्यांची धार्मिक व्यवस्था 1962 साली नागपूरपासून वेगळी काढून केरळच्या सिरो-मलबार पंथाकडे सोपविण्यात आली, आणि 1977 साली चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य देऊळ बल्लारपूरला असून ते संत थॉमस ह्यांच्या नावाचे आहे. सिरो-मलबार हे कॅथोलिकच आहेत, पोपला मानणारेच आहेत. पण त्यांची उपासना रोमची नाही, ती प्राचीन सिरियाकडील परंपरेची आहे. येशूचे शिष्य संत थॉमस इसवी सन 52 मध्ये केरळात आले, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. पोपशी संलग्न अशा पौर्वात्य मंडळ्या जगात तेवीस आहेत. त्यांपैकी सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार ह्या दोन भारतातल्या.

ह्या लोकांत मिस्सेला ‘कुर्बाना’ म्हणतात. हा शब्द ऐकून आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते ‘कुर्बानी’ समजले. त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. सिरियाक, अरबी व हिब्रू ह्या भाषाभगिनी होत, आणि जवळ येणे, जवळ आणणे अशा अर्थाच्या एकाच धातूपासून दोन्ही शब्द निघाले आहेत. देवाजवळ आणलेले अर्पण, तो कुर्बाना. 1962 पर्यंत केरळातही ही उपासना सिरियाक भाषेत होत असे. त्या साली जुलै महिन्यात ती मल्याळमात सुरू झाली. लॅटिन पद्धतीच्या देवळांतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली वाट मोकळी केल्यावरच लॅटिनच्या जागी मराठी, कोंकणी, हिंदी आल्या. कोणत्या वेळेची प्रार्थना कोणत्या भाषेत आहे, एवढे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना आणि इस्पितळे ह्यांमुळे आमच्या भागात नाना प्रांतांचे लोक येऊन राहिले आहेत. एकाच देवळात सकाळी एक भाषा आणि नंतर दुसरी, असे होऊ शकते. आम्ही गेलो त्या दिवशी मल्याळम व हिंदी आलटूनपालटून चालू होते, आणि आईला त्यातले फारसे काही कळले नाही.

आता प्रत्यक्ष दाराशी येऊ. पादत्राणे काढावीत की नाही, हा आपल्या माणसाचा पहिला प्रश्न. ह्यास एकच उत्तर नाही. मुंबईच्या देवळांत लोक पायांत घालूनच आत जातात. केरळच्या जुन्या देवळांत व आमच्याकडील पुष्कळ ठिकाणी बाहेर काढतात. दाराशी चपलांचा ढीग दिसला की समजावे. ह्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. 1969 साली भारतातील बिशपांच्या विनंतीवरून रोमने लॅटिन उपासनेसाठी बारा भारतीय रीतींना मान्यता दिली. पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, धूपपात्र, आणि फुलांची, धुपाची व दिव्याची आरतीसुद्धा त्यांत आहे. तेव्हा एखाद्या देवळात आरतीचे तबक दिसले तर आपल्याला खूश करण्यासाठी ते काढले आहे, असे मानण्याचे कारण नाही.

लॅटिन देवळाच्या दाराशी मंतरलेल्या पाण्याचे पात्र असते. त्यात बोट बुडवून ते लोक कपाळ, छाती व दोन्ही खांदे ह्यांना स्पर्श करून क्रुसाची खूण करतात. ही खूण म्हणजे त्यांच्या बाप्तिस्म्याची आठवण. आपण ती केली नाही तर काही बिघडत नाही. देखल्या देवा दंडवत म्हणून करूही नये. ते पाणी तीर्थ म्हणून प्राशन मात्र करू नये, असे मला एका सद्‍गृहस्थाविषयी घडलेल्या प्रसंगावरून सांगावेसे वाटते.

आत गेल्यावर समोर वेदी. सिरो-मलबार देवळात वेदीपुढे पडदा असतो, आणि उपासनेच्या ओघात तो उघडतो. आपल्याकडे नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा लावतात, त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. क्रूसही निराळा दिसेल. लॅटिन देवळात क्रुसावर येशूची मूर्ती असते. येथे बहुधा मूर्तीवाचूनचा, पायाशी कमळ आणि वर कबुतर असलेला क्रूस असतो. ह्या नमुन्याचा एक दगडी क्रूस चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवर 1547 साली सापडला. त्याच्यावरील लेख पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीत आहे. शिवाय एक लहान पेटीसारखे कपाट आणि त्याच्याजवळ अखंड जळणारा दिवा दिसेल. त्या दिव्याकडे लक्ष ठेवा. आईच्या पदराच्या गाठीचा उलगडा त्याच्यापाशी होणार आहे.

बसावे मागच्या बाजूस. पुढचे लोक काय करतात ते तेथून दिसते, आणि आपली फजिती कोणास दिसत नाही. काही देवळांत एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसतात. तसे असेल तर तसे करावे. केरळच्या स्त्रिया प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर वा ओढणी घेतात. लॅटिन चर्चच्या 1917 च्या कायद्यात स्त्रियांनी मस्तक झाकावे असे कलम होते. 1983 च्या कायद्यात ते उरले नाही. आमच्या आईने सवयीनेच पदर घेतला होता. लोक उभे राहिले की आपणही उभे राहावे. ही सभ्यता होय. गुडघे टेकण्याची वेळ आली तर आपण शांतपणे बसून राहिलो तरी चालते. तोंडाने प्रार्थना म्हणावी असा आग्रह कोणी धरीत नाही.

उपासनेचे ढोबळ मानाने दोन भाग. पहिल्यात बायबलातील उतारे वाचतात आणि धर्मगुरू त्यांवर प्रवचन करतात. शेवटचा उतारा येशूच्या चरित्रातला असतो. त्या वेळी सर्वजण उभे राहतात. दुसऱ्या भागात भाकर व द्राक्षारस वेदीवर आणून अर्पण करतात. मध्येच एक थैली किंवा तबक फिरते. दहा-वीस रुपये टाकावेसे वाटले तर टाकावेत, न टाकता पुढे सरकवले तरी कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. पाहुण्याकडून दक्षिणेची अपेक्षा नसते. मग शांतीचा विधी येतो. शेजारचा माणूस आपल्याकडे वळून हात जोडील, किंवा आपले हात आपल्या दोन्ही हातांत घेईल. सिरो-मलबार पद्धतीत ही शांती वेदीपासून निघून माणसामाणसांतून मागच्या बाकापर्यंत येते. आपणही ती पुढे द्यावी. आईच्या शेजारी एक लहानशी मुलगी होती. तिने आईचे हात धरले, तेव्हा आईच्या डोळ्यांना पाणी आले होते.

धर्मगुरू काही वेळ लोकांकडे तोंड करून आणि काही वेळ पाठ करून उभे राहतात, ह्याचेही पाहुण्याला कोडे पडते. हे साधे दिसते, परंतु ह्याच प्रश्नावर सिरो-मलबार मंडळीत मोठे वादळ उठले. पूर्वार्ध लोकांकडे तोंड करून व अर्पणाचा मुख्य भाग वेदीकडे तोंड करून करावा, असा निर्णय 1999 साली झाला होता. तो सर्वत्र एकसारखा अमलात यावा असे 2021 साली ठरताच केरळात एर्नाकुलमकडे कडाडून विरोध झाला, मोर्चे निघाले. शेंडी कोठे असावी आणि गंध कसे लावावे, ह्यांवर भांडलेल्या आपल्या समाजाने ह्यात हसण्याजोगे काही शोधू नये. पाठ करणे म्हणजे लोकांकडे दुर्लक्ष करणे नव्हे; सर्वांनी मिळून एका दिशेस तोंड करणे होय, अशी त्या बाजूची भूमिका आहे.

आता त्या चकतीकडे येतो.

आपल्या मनात प्रसाद ही गोष्ट फार खोल रुजलेली आहे. सत्यनारायणाच्या कथेतील कलावती पतीला भेटण्याच्या घाईत प्रसाद न घेताच धावली आणि नाव बुडाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रसाद नाकारणे हा अपराध. मिळालेला एकट्याने खाणे हे स्वार्थीपण. घरी नेऊन तो सर्वांना वाटणे हे पुण्य. आईने त्या दिवशी जे केले, ते ह्या शिकवणीप्रमाणे अक्षरशः बरोबर होते. भाषेनेही तिची फसगत केली. हिंदी बोलणारे कॅथोलिक ह्या वस्तूला ‘परमप्रसाद’ म्हणतात, आणि त्या दिवशीच्या हिंदीत तोच शब्द तिच्या कानी पडला होता. पूर्ण अनोळखी अशा त्या साऱ्या उपासनेत तिला कळलेला शब्द तेवढा एक. तो ऐकून ती उठली.

परंतु कॅथोलिक माणसाच्या लेखी ती वस्तू प्रसाद नाही. प्रसाद म्हणजे देवाला दाखवून, देवाच्या कृपेने पुनीत होऊन परत आलेले अन्न. ते अन्नच राहते. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी भाकर घेऊन ती आपले शरीर होय असे म्हटले, आणि कॅथोलिक चर्च ते शब्द अलंकारिक मानीत नाही. वेदीवर प्रार्थना झाल्यावर ती भाकर दिसावयास भाकर उरते, परंतु वस्तुतः ती येशूचे शरीर होते, अशी त्यांची श्रद्धा आहे. ही श्रद्धा आपणांस पटो वा न पटो, ती एकदा ध्यानात घेतली की पुढचे सर्व आचार आपोआप उलगडतात. भाकरीचा कणही खाली पडू नये म्हणून पात्र पुसून घेतात. उरलेल्या चकत्या त्या पेटीसारख्या कपाटात कुलुपात ठेवतात, आणि त्या तेथे आहेत म्हणून तो दिवा रात्रंदिवस जळतो. रिकाम्या देवळातही कॅथोलिक माणूस त्या दिव्याकडे पाहून वाकतो. आता अशी वस्तू पदराच्या गाठीत बांधलेली पाहून त्या धर्मभगिनीच्या काळजाचे काय झाले असेल, ह्याची कल्पना करा. घरी ती कोठे ठेवली जाईल, कोणाच्या हाताने मोडली जाईल, तिचे कण कोठे पडतील? ती धावत गेली नाही, ओरडली नाही, हेच मला आता विशेष वाटते.

ती घेण्याचा अधिकार कोणास, हा पुढचा प्रश्न. बाप्तिस्मा झालेल्या, त्या श्रद्धेत शिकविलेल्या आणि चर्चशी एकरूप असलेल्या व्यक्तीनेच ती घ्यावी असा नियम आहे. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांस लिहिलेल्या पत्रात ही भाकर अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दोष ओढवून घेतो, अशा अर्थाचा इशारा दिला आहे. म्हणजे पाहा, कलावतीच्या कथेत न खाण्यात दोष आहे आणि येथे खाण्यात. आईला जो विटाळ वाटला, त्याचा येथे संबंध नव्हता. हिंदूला जे देत नाहीत, ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसालाही सामान्यतः देत नाहीत. इतकेच नव्हे, तर कॅथोलिकांतही सर्वजण दर वेळी उठत नाहीत. ज्याच्या मनावर मोठ्या पापाचा भार आहे आणि ज्याने अजून पापनिवेदन केलेले नाही, त्याने बसून राहावे. ज्याने तासाभरात काही खाल्ले आहे, त्यानेही. लहान मुले तर पहिल्या ख्रिस्तशरीराचा समारंभ होईपर्यंत घेतच नाहीत. म्हणून आपण आपल्या जागी बसून राहिलो तर एकटे पडत नाही. बाकावरून इतरांना जाण्यास वाट द्यावी आणि शांत बसावे, एवढेच पाहुण्याचे काम. काही देवळांत पाहुणे दोन्ही हात छातीवर घडी घालून रांगेत जातात आणि धर्मगुरू त्यांना केवळ आशीर्वाद देतात. परंतु ही रीत सर्वत्र नाही, म्हणून आधी विचारल्यावाचून जाऊ नये.

मी हे सर्व ऐकून घेतले तेव्हा धर्मगुरूंना म्हणालो, “मग आधी सांगावयाचे होते.” त्यांनी ते मान्य केले. अंत्यविधीस व विवाहास इतर धर्मांचे लोक येतात, तेव्हा कोणी उठावे व कोणी बसावे हे दोन वाक्यांत सांगितले पाहिजे. ते राहून गेले, चूक आमची, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत म्हटले. त्यानंतर त्या देवळात मी दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा ती सूचना हिंदीत व मराठीत झाली.

धर्मांतराविषयी लोकांच्या मनात जी धास्ती असते, तिच्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. न बोलता ठेवण्यात अर्थ नाही. बाकावर बसल्याने, भजन ऐकल्याने किंवा चुकून ती चकती खाल्ल्यानेही कोणी ख्रिस्ती होत नाही. प्रौढ माणसाला त्या धर्मात यावयाचे असेल तर महिनोन्‌महिने शिक्षण घ्यावे लागते, आणि मग बाप्तिस्मा. मला तरी त्या देवळात कोणी नाव-गाव-जात ह्यांपलीकडे काही विचारले नाही. आणि जात विचारणारा गृहस्थ आपलाच, मराठी होता.

विवाहाला गेल्यास फार अडचण येत नाही. वधूवर वेदीपुढे परस्परांना वचन देतात. केरळच्या रीतीत वर वधूच्या गळ्यात ताली बांधतो आणि तिला मंत्रकोडी म्हणजे नवे वस्त्र देतो, तेव्हा आपल्या बायकांना घरच्यासारखे वाटते. छायाचित्रे मात्र अर्पणाच्या वेळी काढू नयेत. नाताळच्या मध्यरात्री फार गर्दी असते. प्रथमच जाणाऱ्याने ती वेळ टाळून साध्या रविवारी जावे, म्हणजे काही समजेल. धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणावे. धर्मभगिनींना ‘सिस्टर’ म्हणतात. आपल्याकडे नर्सलाही सिस्टरच म्हणतात, आणि आमच्या गल्लीत ह्यामुळे एका अविवाहित धर्मभगिनीला मुलाबाळांची चौकशी सोसावी लागली.

अंत्यविधीबद्दल आणखी थोडे. शव पेटीत उघडे ठेवतात. जवळची माणसे शेवटी कपाळाचे चुंबन घेतात. आपण हात जोडावेत, फुले वाहावीत. गुलाल किंवा हळदकुंकू वाहू नये. देवळातून सर्वजण दफनभूमीकडे जातात आणि पेटी खाली सोडल्यावर प्रत्येकजण मूठभर माती टाकतो. आपण ‘मूठमाती देणे’ हा शब्द सहज वापरतो. तेथे ती खरोखरीच द्यावयाची असते, आणि ती कोणालाही देता येते. आईने ती दिली होती. नंतर घरी येऊन स्नान करणे हा आपला आचार आहे. तो आपण पाळावा, त्यात कोणाचा अपमान नाही.

केरळच्या ख्रिस्ती लोकांत मृत्यूनंतर सातव्या व एकेचाळिसाव्या दिवशी स्मरणाची प्रार्थना करण्याची चाल आहे. आपल्या दिवसांची आठवण व्हावी अशीच ही चाल. नर्सबाईंच्या एकेचाळिसाव्या दिवसाचे आमंत्रण त्यांची मुलगी स्वतः घेऊन आली. आई जाईल की नाही, ह्याची मला शंका होती. मी तिला दिव्याची, कपाटाची व संत पौलाच्या पत्राची सर्व हकीकत सांगितली होती. तिने ती ऐकून घेतली, पण पटली की नाही हे कळू दिले नाही. त्या दिवशी सकाळी उठून तिने तेच पांढरे पातळ नेसले.

चकती वाटण्याची वेळ आली. फादरांनी सूचना दिली, लोक उठले आणि आई बाकावर बसून राहिली. तिच्या शेजारी एक कॅथोलिक म्हातारीही तशीच बसून होती. प्रार्थना संपल्यावर देवळाबाहेर मंडपात टोपल्या मांडल्या होत्या. केरळात देवळाच्या सणाला किंवा मृताच्या स्मरणार्थ जे अन्न आशीर्वाद देऊन वाटतात, त्याला ‘नेर्चा’ म्हणतात. नेर्चा म्हणजे नवसाचे, अर्पणाचे अन्न. ते कोणत्याही धर्माच्या माणसाने घ्यावे, घरी न्यावे, वाटावे. आपला प्रसाद म्हणजे त्यांचा हा नेर्चा. कुर्बान्यातील भाकरीशी त्याची गल्लत करू नये. त्या दिवशी तांदळाचे अप्पे व केळी होती. टोपलीपाशी तीच धर्मभगिनी उभी होती. आईने ओंजळ पुढे केली. धर्मभगिनीने तीत दोन अप्पे ठेवले आणि मग, माझ्याकडे पाहून किंचित हसत, आणखी तीन ठेवले. “हे घरी न्या,” ती म्हणाली, “सर्वांसाठी.”

आईने पदराचे टोक पुढे ओढले आणि गाठ मारली.